वरून टाकलेला रुपया

आमच्या गावच्या दुकानदाराची एक रीत होती. आम्ही नाणे फळीवर ठेवायचे, मग तो उचलायचा. सुटे परत देताना मात्र तो आमच्या ओंजळीत वीतभर उंचीवरून टाकायचा. १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे निघाले होते. ते नाणेही पुढे ह्याच रीतीने माझ्या ओंजळीत पडलेले मला आठवते. बाबासाहेबांचा रुपया त्या दुकानदाराच्या गल्ल्यात चालत होता. त्यांच्या माणसाचा हात मात्र चालत नव्हता.

परवा शहरातल्या एका दुकानात मी वह्यांचे साठ रुपये कार्डाने दिले. हे नवे कार्ड यंत्रात खुपसावे लागत नाही, आकडेही दाबावे लागत नाहीत. यंत्रापासून दोन बोटांवर धरले की यंत्राच्या लहरींनी कार्डातल्या बारीक तारेत वीज खेळते आणि क्षणात पैसे जातात. ह्याला ‘संपर्करहित’ व्यवहार म्हणतात. शब्द ऐकून मला हसू आले. गावाने आमच्या बापजाद्यांशी पिढ्यान्‌पिढ्या जो व्यवहार केला, तो संपर्करहितच होता! ह्या दुकानदाराने मात्र कार्ड सरळ माझ्या हातातून घेतले, बोटाला बोट लागले. परत देताना त्याने कार्डावरचे आडनाव वाचले आणि विचारले, “कुठले तुम्ही?” हा प्रश्न गावासाठी विचारलेला नसतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

ह्या दोन दुकानांच्या मधे एक इतिहास आहे. तो पैशाचा आहे, तसाच माणसाच्या मोलाचाही आहे.

माझ्या आजीच्या तरुणपणी घरात रोख पैसा क्वचितच येई. येई ते बलुते. सुगीत खळ्यावर जाऊन उभे राहायचे. किती द्यायचे, केव्हा द्यायचे, चांगले द्यायचे की किडके, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. वर्षभराच्या राबणुकीचा मोबदला आणि भीक ह्यांतले अंतर गावाने जाणूनबुजून पुसून टाकले होते. बाबासाहेबांनी नेमके ह्यावर बोट ठेवले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक घेऊन उभा राहिला. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, ही त्यातली एक मागणी होती. १९२९ साली ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. महारवतन गेले ते १९५८ च्या कायद्याने. बलुत्याऐवजी रोख मागणे म्हणजे मर्जीऐवजी हक्क मागणे होते, हे प्रस्थापितांनी ओळखले होते. म्हणूनच विरोध झाला.

रोख पैशाने अस्पृश्यता संपली असे मी म्हणत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रोख पगार मिळाला, पण जास्त पगाराचे विणकाम खाते त्यांना बंद राहिले; कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. तरीही त्या पगाराच्या नोटेवर जात लिहिलेली नव्हती. अनोळखी पेठेत ती दिली की माल मिळे. नोट नाव सांगत नाही, हा तिचा मोठा गुण.

आता कार्डाकडे येऊ. हाँगकाँगमध्ये १९९७ साली ‘ऑक्टोपस’ नावाचे कार्ड आगगाडी-बसच्या भाड्यासाठी निघाले आणि पुढे छोट्या दुकानांतही चालू लागले. लंडनच्या बसगाड्यांनी ६ जुलै २०१४ पासून रोख भाडे घेणेच बंद केले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१५ साली अशा कार्डाने दोन हजारांपर्यंतची रक्कम गुप्त आकड्याशिवाय देण्याची मुभा दिली; १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा पाच हजार झाली. दरम्यान २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीवालीच्या पोत्याशेजारीही चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसू लागला. २०२० च्या साथीत तर नोटेला हात लावायला सगळेच भ्याले.

ह्या सोयीचा मला द्वेष नाही. यंत्र कोणाची ओंजळ पाहत नाही, सुटे वरून टाकीत नाही. माझ्या लहानपणी ते असते तर कितीतरी दुपारी मी मान खाली न घालता घरी आलो असतो. पण यंत्राने अपमानाचा प्रसंग टळतो, अपमान करणारी दृष्टी बदलत नाही. उलट, पूर्वी शहरात नोटेआड लपणारे नाव आता कार्डावर छापलेले असते, यूपीआयने पैसे दिले तर समोरच्याच्या मोबाइलवर उमटते. स्पर्श गेला आणि आडनाव आले. शिवाय ज्याचे खाते नाही, खात्यात शिल्लक नाही, त्याला लंडनच्या बससारखा दरवाजा बंद. मोबदल्याचे रूप पुन्हा दुसराच कोणी ठरवणार असेल, तर ते खळ्यावरचेच जुने गणित होईल.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी. कार्ड ज्याला वापरायचे त्याने खुशाल वापरावे. पण मजुराची रोख मजुरी आणि गरिबाची रोख खरेदी नाकारण्याचा अधिकार कोणालाही नसावा. आणि यंत्राने अस्पृश्यता घालवली, असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागला तर त्याला आडनावाचा प्रश्न विचारावा.

त्या दुकानदाराला मी गाव सांगितले आणि त्याने न विचारलेली जातही सांगितली. तो “बरं, बरं” म्हणत मागच्या कपाटाकडे वळला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. पेन घेतले आणि पन्नासाची नोट त्याच्या हातात दिली. फळीवर ठेवली नाही. मग उरलेल्या सुट्या पैशांसाठी मी हात पुढे केला आणि तो तसाच धरून उभा राहिलो.