लहान मुलांची समज आणि मनाची हिंमत कशी वाढते?

मूल शाळेत गेलं की शिकतं, असं आपण समजतो. खरं तर पहिल्या सहा वर्षांतच विचारांचा आणि मनाच्या कणखरपणाचा पाया पडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखून १९४५ मध्ये बोर्डीला, आताच्या आपल्या पालघर जिल्ह्यात, गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी खेळणी नव्हती, आसपास मिळेल तेच साहित्य होतं.

चांदीपच्या घरांतही हे जमण्यासारखं आहे. चिंचोके मोजताना, शिंपले लहान-मोठे लावताना मूल तुलना करतं, कारण शोधतं. डब्यांचा मनोरा पडून रडू आलं, तर लगेच उभा करून देऊ नका. "वाईट वाटलं ना? पुन्हा बघू या," म्हणत जवळ बसा. भावनेला नाव मिळालं की ती आवरायला सोपी जाते. "मुलगा असून रडतोस?" म्हटलं, तर मूल रडणं लपवतं, सावरायला शिकत नाही.

अम्मी-दादी घरात उर्दू बोलोत, कोकणी की मराठी, त्याच भाषेत मुलाशी भरपूर बोला. अंगणवाडीत नाव जरूर घाला. पण रोज थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवून आपण मोठ्यांनीही त्याच्यासोबत जमिनीवर बसू या.