मधले चार मैल

लखनौच्या दक्षिणेला, कानपूरच्या रस्त्यावर, नवाब वाजिद अली शाह यांनी आपली बेगम आलम आरा हिच्यासाठी एक बाग उभारली. चारी बाजूंनी उंच भिंत, कोपऱ्यांवर बुरूज, आत कोठी आणि एक देखणा दरवाजा. बेगमेच्या नावावरून ती आलमबाग झाली. १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले, नवाब कलकत्त्याला गेले आणि पुढच्याच वर्षी या बागेचे लष्करी ठाणे झाले. आज आलमबाग म्हटले की लखनौकरांना बसस्थानक, बाजार, रेल्वेचा कारखाना आणि २०१७ पासून मेट्रो आठवते. पण १८५७ च्या शेवटच्या महिन्यांत इथे जे घडले, त्याकडे संगणक सांभाळणाऱ्या माणसांनी पुन्हा एकदा पाहावे. एकच कारभार दोन ठिकाणी जिवंत ठेवायचा, आणि त्या दोन ठिकाणांमधला रस्ता मात्र आपल्या हातात नाही, ही त्यांच्या रोजच्या कामातली अडचण इथे उघड्या मैदानात दिसते.

२३ सप्टेंबर १८५७ रोजी हॅवलॉक आणि औट्रम या ब्रिटिश सेनापतींच्या फौजेने आलमबाग घेतली. बेत असा होता की सामान, आजारी आणि जखमी इथे ठेवायचे, हलक्या फौजेनिशी शहरात शिरून, उठावामुळे रेसिडेन्सीत, म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटच्या आवारात, अडकलेल्या लोकांना सोडवायचे आणि परत यायचे. २५ तारखेला ते रेसिडेन्सीत पोचलेही. पण वाटेत इतकी माणसे पडली की बायकामुलांना घेऊन उलट येणे अशक्य झाले. सोडवायला गेलेले स्वतःच वेढ्यात सापडले. आलमबागेत राहिली सुमारे तीनशे माणसांची तुकडी. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर होते साधारण चार मैलांचे, आणि ते चारही मैल उठाव करणाऱ्यांच्या ताब्यात होते.

निरोप जात ते माणसांच्या हातून. पिसाच्या पोकळ नळीत मावेल एवढी कागदाची गुंडाळी, आणि महत्त्वाचे शब्द ग्रीक लिपीत लिहिलेले, म्हणजे कागद पकडला गेला तरी सहज वाचता येऊ नये. निरोप वाटेत हरवेल ही धास्ती नवी नव्हती. कंपनीची लंडनची पत्रे दुसरी आणि तिसरी प्रत करून वेगवेगळ्या जहाजांनी पाठवली जात. एक गलबत बुडाले तरी मजकूर पोचायचा. पण जहाजाच्या पत्राला महिने चालत. वेढ्यात तेवढा वेळ कोणाकडे होता?

मग रेसिडेन्सीतल्या लोकांनी दृष्टीवर भिस्त ठेवली. क्लॉद शाप यांनी १७९४ मध्ये पॅरिस आणि लील यांच्या दरम्यान चालू केलेला दृश्य तारायंत्राचा प्रकार, म्हणजे सेमाफोर, तेव्हा जुना झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याहून चुनारच्या दिशेने असे मनोरे बांधलेही होते. विजेची तार आल्यावर ते मागे पडले. आता विजेच्या तारा तुटल्या होत्या आणि वेढ्यात कोणालाच सेमाफोर कसा बांधतात हे नीट माहीत नव्हते. वेढ्यातल्याच एका ग्रंथसंग्रहात ‘पेनी सायक्लोपीडिया’ हा ज्ञानकोश निघाला. त्यातले वर्णन वाचून रेसिडेन्सीच्या बुरुजावर खांब उभा राहिला. तसाच दुसरा आलमबागेत हवा होता, आणि कोणत्या खुणेचा काय अर्थ याची तीच यादी दोन्हीकडे हवी होती. ती यादीही चोरवाटांनी जाणाऱ्या माणसाबरोबरच पोचवावी लागे.

यातले शहाणपण असे की खांबावरून जाते ते हलके: आलो, निघालो, थांबा. शहराचा नकाशा, कोणत्या गल्लीत तोफा आहेत, कोणत्या बाजूने शिरावे, हे खांबावरून सांगता येत नाही. त्यासाठी ९ नोव्हेंबरच्या रात्री टॉमस हेन्री कॅव्हेना हा कारकून निघाला. तोंडाला काजळी, अंगावर हिंदुस्थानी कपडे, आणि सोबत कनौजीलाल हा वाटाड्या. गोमती ओलांडून, पहारे चुकवून पहाटे ते सुटकेसाठी फौज घेऊन येणाऱ्या कॉलिन कॅम्पबेलच्या छावणीजवळ पोचले. तो सुखरूप पोचल्याची खूण आलमबागेवर फडकली आणि रेसिडेन्सीतून ती दिसली. कॅव्हेनाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाहेरून निरोप घेऊन आत आलेला आणि त्याच वाटेने त्याला बाहेर काढणारा कनौजीलाल इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत संपतो, हे मनाला लागते. त्या चार मैलांची खरी माहिती त्याच्याच पायांत होती.

कॅम्पबेल १२ नोव्हेंबरला आलमबागेत आला, १७ ला रेसिडेन्सीशी संबंध जुळला, आणि पुढच्या काही दिवसांत तिथली सगळी माणसे बाहेर काढली गेली. २४ ला हॅवलॉक लखनौच्याच दिलखुशा बागेत वारला. त्याला आलमबागेत पुरले. मग एक उलटापालट झाली. रेसिडेन्सी सोडून दिल्यावर मुख्य ठाणे झाले आलमबाग. औट्रम सुमारे चार हजार माणसांसह मार्च १८५८ पर्यंत इथेच राहिला. उठावाचे नेतृत्व करणाऱ्या बेगम हजरत महल आणि मौलवी अहमदुल्ला शाह यांच्या फौजा पुन्हा पुन्हा चालून आल्या. ज्याला कोणी राखीव जागा मानले होते, त्याच जागेवर सगळा भार आला.

आता संगणकाकडे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका यंत्राच्या पोटात चालणारे दुसरे पूर्ण यंत्र. त्याची डिस्क आणि रचना बाहेरून पाहिली तर काही फायली असतात. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी ती विकायला काढली. १९९८ मध्ये डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर स्थापन केल्यावर ती साध्या सर्व्हरवर आली. यंत्रच फायलीत मावू लागल्यावर त्याची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर तयार ठेवणे ही लहान कंपन्यांच्याही आवाक्यातली गोष्ट झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये हायपर-व्ही रेप्लिका ही अशी प्रत ठेवण्याची सोय दिली: आधी संपूर्ण प्रत, मग दर पाच मिनिटांनी फक्त झालेले बदल. पुढच्या आवृत्तीत तीस सेकंद आणि पंधरा मिनिटे हेही पर्याय आले. आणि पहिली प्रत फार मोठी असेल तर ती बाहेरच्या डिस्कवर घालून गाडीने दुसऱ्या ठिकाणी नेण्याची सोय त्यात आहे. जड ते माणसाने न्यायचे, हलके ते तारेवरून पाठवायचे, ही वाटणी १८५७ च्या नोव्हेंबरातलीच.

पेच अंतराचा आहे. प्रत्येक बदल दुसरीकडे उतरल्याची पोच येईपर्यंत पहिल्या यंत्राने थांबायचे, असे ठरवले तर एक अक्षरही हरवत नाही. पण काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई जाऊन परत यायचे तर दहा-बारा मिलिसेकंद तरी हवीत, आणि शेअर बाजारात हा काळ मोठा असतो. म्हणून मोठ्या संस्था दोन प्रती ठेवतात. एक जवळ, क्षणाक्षणाची. दुसरी दूर, भूकंपाच्या वेगळ्या पट्ट्यात आणि थोडी मागे चालणारी. जवळची प्रत यंत्र बिघडले तर कामाला येते. शहरच बुडाले तर दूरची.

या मांडणीची मोठी परीक्षा मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पाहिली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी ११.४० ला व्यवहार थांबले ते दुपारी ३.४५ पर्यंत. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशानुसार मुख्य केंद्र आणि जवळचे केंद्र यांना जोडणाऱ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारा एकाच वेळी डळमळल्या. त्याचे मुख्य कारण होते दोन केंद्रांमधल्या रस्त्यावरचे खोदकाम आणि बांधकाम. दोन कंपन्यांकडून तारा घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या असे होत नाही. कुदळ रस्त्यावर पडते तेव्हा ती कंपनीचे नाव पाहत नाही. आणि तेवढ्यावरही भागले असते, कारण जवळच्या केंद्राची तार तुटली तरी मुख्य केंद्राने चालूच राहायला हवे. प्रत्यक्षात तारा डळमळल्यावर साठवण यंत्रणा ठरल्याप्रमाणे वागली नाही आणि मुख्य केंद्रातच सर्व्हरना दिसेनाशी झाली. सौद्यांची यंत्रणा धडधाकट होती, पण जोखीम मोजणारी बंद पडली, आणि जोखीम न मोजता सौदे चालू देणे शक्यच नव्हते. सुरक्षेसाठी बांधलेली जोडणीच इजा करून गेली. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला.

दूरचे केंद्र चेन्नईत तयार असताना तिकडे का गेले नाहीत, हा त्यानंतर सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. सर्व्हर खोलीतल्या माणसांना त्याचे उत्तर ठाऊक असते. कळ दाबणे सोपे; दाबा म्हणणारा सापडणे अवघड. दहा मिनिटांत इथलेच सुरू होईल अशी आशा असते, आणि त्या आशेत तास जातात. घाईने दुसरे केंद्र सुरू केले आणि पहिलेही जिवंत निघाले, तर दोघेही स्वतःला मुख्य समजतात आणि दोन वेगळे हिशेब लिहू लागतात. ते पुन्हा एक करणे महाकठीण. शेअर बाजारांची नियामक संस्था सेबीने मार्च २०२१ मध्ये या आशेलाच वेळेचे कुंपण घातले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर तीस मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करायचे. लेखकाच्या मते हा त्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा धडा आहे, नव्या तारांपेक्षाही.

एका गोष्टीपासून मात्र चालती प्रत वाचवत नाही. इथे चुकीने पुसलेले तिथेही तितक्याच तत्परतेने पुसले जाते. खंडणीखोर विषाणूने बंद केलेल्या फायली पाच मिनिटांत पलीकडेही बंद होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर असे अडकले, तेव्हा रुग्णांच्या नोंदी काही दिवस कागदावर कराव्या लागल्या. ई-हॉस्पिटल या तिथल्या नोंदप्रणालीची माहिती परत मिळाली ती झळ न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. म्हणून चालत्या प्रतीबरोबर एक थांबलेली प्रतही हवी, जिला मुख्य यंत्राचा हात पोचत नाही.

दूरच्या केंद्रावर जाण्याचा मुंबईच्या बाजारांनी पुढे उघड सराव केला. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४, दोन्ही शनिवार. सुट्टीच्या दिवशी खरे सौदे, खऱ्या पैशांनी. पहिले सत्र मुख्य केंद्रावरून झाले, मग मधली विश्रांती, आणि दुसरे सत्र दूरच्या केंद्रावरून.