रणवैद्याची शब्दसंपत्ति

पुण्याहून शिरूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिक्रापूर लागतें. त्याच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूस, भीमेच्या कांठीं कोरेगांव आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरच्या छावणींतून कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी पुण्याकडे निघाली, आणि दुसऱ्या दिवशीं कोरेगांवीं पेशव्यांच्या सैन्याशीं तिची गांठ पडली. त्या लढाईच्या जयापजयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस तिच्या एका उपेक्षित अंगाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. तें अंग म्हणजे जखमी शिपाई आणि त्याचा वैद्य यांच्यामधील भाषा.

स्टॉन्टनच्या सुमारें ८०० लोकांत विंगेट व वायली असे दोन साहाय्यक शल्यवैद्य होते. रात्रभराची चाल, दिवसभर युद्ध आणि पाण्याची वाण असा तो प्रसंग होता. अधिकारी पडूं लागले तेव्हां या वैद्यांनाही शिपायांच्या पुढें होऊन लढावें लागलें, आणि त्यांत विंगेट मारला गेला. मृत, जखमी व बेपत्ता मिळून २७५ असामी खर्चीं पडले. २ जानेवारीच्या रात्रीं नेतां आले तेवढे जखमी घेऊन तुकडी परत फिरली व ३ तारखेस सकाळीं शिरूरास पोहोंचली. मुंबई इलाख्याच्या पायदळांत महार, मराठे, बेने इस्रायल असे मराठी बोलणारे शिपाई पुष्कळ असत. पेशव्यांच्या बाजूसही मराठी बोलणारे होतेच. वैद्याची विद्या मात्र इंग्रजी व लॅटिन शब्दांत बांधलेली. अशा वेळीं दुखणें कोठें आणि कशा जातीचें हें रोग्याच्या तोंडून कळणें, ही उपचाराची पहिली पायरी होय.

मराठी शिपायाचे शब्द कांहीं दुबळे नव्हते. ‘मुका मार लागला’ म्हणजे कातडी शाबूत, पण आंतील मांस ठेचलेलें. ‘पाय मुरगळला’, ‘सांधा निखळला’, ‘हाड मोडलें’ आणि ‘कमरेंत उसण भरली’ हे चार निरनिराळे विकार आहेत, आणि चौघांचे उपायही निराळे. निखळलेला सांधा जागीं बसवावा लागतो. मोडलेलें हाड फळ्या बांधून निश्चल ठेवावें लागतें. त्वचेचेंही तसेंच आहे. पट्ट्याच्या घर्षणानें पडतो तो घट्टा, जोड्यानें होतें तें कुरूप, ओल्या पायांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या. आणि खरूज, नायटा, गळूं हीं वेगळीं. पायाच्या जखमेमुळें जांघेंत गांठ सुजते, तिला आपल्याकडे ‘अवधाण’ म्हणतात. जखमेचें विष रसवाहिन्यांतून त्या गांठीपर्यंत चढतें हें शास्त्रानें पुढें सिद्ध केलें. लोकभाषेनें तो संबंध एका शब्दांत आधींच नोंदवून ठेविला होता.

याच गोष्टींचा शास्त्रीय विचार आपल्या देशांत प्राचीन काळीं झाला होता. सुश्रुतसंहितेंत राजाच्या सैन्याबरोबर राहणाऱ्या वैद्याविषयीं ‘युक्तसेनीय’ नांवाचा स्वतंत्र अध्यायच आहे. त्या ग्रंथांत सांधा सुटण्याचे ६ व हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. म्हणजे ‘निखळणें’ व ‘मोडणें’ हा लोकांचा भेद तेथें शास्त्ररूपानें भेटतो. ताज्या जखमांचेही ६ प्रकार आहेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट. भाल्यासारखें शस्त्र कोठ्यांत शिरून होते ती भिन्न, आणि कोठा सोडून इतर अवयवांत टोंचून होते ती विद्ध. बाहेरून दोन्ही छिद्रें सारखींच दिसतील; परंतु पहिलींत रक्त आंत सांचून मनुष्य दगावण्याचें भय अधिक. तेव्हां नांवांचा हा भेद पांडित्याचा नसून प्राणाचा आहे.

अडचण एवढीच होती कीं, हे तीन भाषाव्यवहार एकमेकांस भेटत नव्हते. पीटर ब्रेटन या शल्यवैद्यानें १८२५ मध्यें कलकत्त्यास वैद्यकखात्यासाठीं शरीरावयवांच्या व वैद्यकीय संज्ञांचा एक कोश छापला. त्यांत इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी व संस्कृत या भाषा होत्या, मराठी नव्हती. पुढील वर्षीं, १८२६ त, मुंबईस डॉ. मॅक्लेनन याच्या देखरेखीखालीं एतद्देशीयांची वैद्यकशाळा निघाली. तेथें शिक्षण देशभाषांतून दिलें जाई. कोरेगांवच्या लढाईनंतर अवघ्या आठ वर्षांनीं उचललेलें हें पाऊल योग्य दिशेचें होतें. परंतु १८३२ त शाळा बंद पडली. १८४५ त सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजानें उच्च शिक्षण इंग्रजींत दिलें. मराठींतून शिकविण्याचे प्रयत्न पुढेंही झाले, डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनीं मराठींत वैद्यकग्रंथ लिहिले. तरी विद्येचा मुख्य ओघ इंग्रजीकडेच वळला.

इंग्रजी संज्ञांनीं जगभरचे वैद्य एकमेकांस समजतात हा लाभ लहान नाहीं, आणि तो टाकावा असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. १९४८ पासून खुद्द पुण्यांत सैनिकी वैद्यकाचें मोठें महाविद्यालय आहे; तेथें निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी येतात, त्यांस एक समान परिभाषा हवीच. दुसऱ्या बाजूनें, परिभाषा मराठी करावयाची म्हणून केवळ संस्कृत संज्ञा घडवून कोशांत ठेवल्यानेंही कार्यभाग होत नाहीं. ‘पिच्चित’ हा शब्द शिपायास जितका परका, तितकाच एखादा लॅटिन शब्द. रणवैद्याच्या वहींत तीन रकाने असावेत: पहिल्यांत रोगी काय म्हणतो, दुसऱ्यांत शास्त्र काय म्हणतें, तिसऱ्यांत काय करावयाचें. आपल्या विद्वानांनीं दुसरा रकाना भरण्यांत पुष्कळ श्रम घेतले. पहिल्या रकान्याचे शब्द मात्र हाडवैद्य, सुइणी आणि घरांतील वडील माणसें यांच्या तोंडींच राहिले, आणि त्यांच्याबरोबर ते जात आहेत.

रक्त वाहत असतां वैद्याजवळ वेळ थोडा असतो. त्या थोड्या वेळांत शिपायाचा एक नेमका शब्द त्याला योग्य जागीं हात घालावयास लावतो. असे शब्द वेंचून ठेवणें हें भाषेच्या अभिमानाचें काम वाटेल. वस्तुतः तें शुश्रूषेचेंच काम आहे.