बर्लिनमधील बोहेमियन गाव

युरोपच्या मध्यभागी असलेला बोहेमिया हा चेक लोकांचा मूळ देश. तेथील धर्मसुधारक यान हुस यांना 1415 साली कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. ख्रिस्ती उपासनेतील द्राक्षारसाचा चषक त्या काळी केवळ पुरोहितच घेत. तो सर्व उपासकांस मिळावा, अशी हुस यांच्या अनुयायांची मागणी होती. म्हणून चषक हेच त्यांचे चिन्ह ठरले. त्याच परंपरेतून निघालेल्या 'बंधुसंघा'ने 1579 ते 1594 या काळात आपला धर्मग्रंथ चेक भाषेत सहा खंडांत छापून काढला.

8 नोव्हेंबर 1620 रोजी प्रागनजीकच्या श्वेतपर्वतावर चेक सरदारांचे सैन्य हॅब्सबर्ग सम्राटापुढे पराभूत झाले आणि कॅथलिक पंथाखेरीज अन्य पंथ देशात निषिद्ध झाले. सरदार व नगरवासी यांच्यापुढे दोनच मार्ग उरले: पंथ बदलावा किंवा देश सोडावा. पंडित यान आमोस कोमेन्स्की 1628 साली पोलंडमधील लेश्नो येथे गेले. 1656 मध्ये ते नगर जळाले, तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे खपून सिद्ध केलेला त्यांचा चेक शब्दकोश अग्नीच्या स्वाधीन झाला. स्वदेशाचे दर्शन पुन्हा न घडताच ते 1670 साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये निवर्तले.

परंतु खेड्यातील कुळांना देशत्यागाचीही मोकळीक नव्हती. जमीनदाराच्या अनुमतीवाचून त्यांना गाव सोडता येत नसे. त्यांनी शंभर वर्षे आपली उपासना घरातच गुप्तपणे चालविली. मनाई असलेले ग्रंथ हुडकून जाळण्यासाठी धर्माधिकारी गावोगाव फिरत, तरी सीमेपलीकडे छापलेले चेक ग्रंथ चोरून येतच राहिले. जर्मनीतील हाले येथे 1722 साली चेक बायबल छापले गेले. अखेर अनेक कुटुंबांनी घरदार टाकून रात्री-अपरात्री सीमा ओलांडली.

त्यांतील काहींना प्रशियाचा राजा पहिला फ्रीड्रिख विल्हेल्म याने बर्लिनलगतच्या रिक्सडॉर्फ या खेड्यात 1737 साली जागा दिली. ही केवळ दया नव्हती. राजाला कष्टाळू शेतकरी व विणकर हवेच होते. अठरा कुटुंबांसाठी नऊ जोडघरे उभी राहिली. प्रत्येकामागे धान्याचे कोठार होते. 1751 पासून त्यांची स्वतंत्र दफनभूमी झाली. तेथील जुन्या शिळांवर चेक अक्षरे कोरलेली आहेत. 1753 साली शाळा बांधली गेली आणि तिच्या दर्शनी भिंतीवर माथ्याशी तोच चषक विराजमान झाला. मतभेद मात्र येथेही सुटले नाहीत. एकाच छळातून निसटलेल्या या मंडळींचे पुढे तीन वेगवेगळे उपासकसंघ झाले.

1781 साली सम्राट दुसरा योसेफ याने सहिष्णुतेचा आदेश काढला. परंतु प्रॉटेस्टंट पंथांपैकी त्याने ल्यूथर व कॅल्व्हिन यांच्या पंथांसच मान्यता दिली. बंधुसंघाचे नाव त्यात नव्हते. शिवाय तोवर रिक्सडॉर्फमध्ये दुसरी-तिसरी पिढी नांदत होती.

येथे आम्हांस एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. या लोकांनी ज्या भाषेतील ग्रंथासाठी घर सोडले, तीच भाषा परमुलखातील सुरक्षित जीवनात हळूहळू मागे पडली. छळाच्या शंभर वर्षांत जी टिकली, ती स्वास्थ्याच्या काळात बाजारात, व्यवहारात आणि शेवटी घरातही जर्मनपुढे नमली. यात त्यांना दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. शेजाऱ्यांशी सोयरीक जुळते, मुले उद्योगधंद्याला लागतात आणि आजीची बोली नातवाला अपुरी समजू लागते. हे कोणाच्या सांगण्यावरून घडत नसते. तथापि भाषा गेली म्हणून सर्वच गेले, असेही झाले नाही. उपासकसंघ राहिला, दफनभूमी राहिली आणि पूर्वज कोठून व कशासाठी आले, याचे स्मरण राहिले.

1912 साली रिक्सडॉर्फचे नाव बदलून नॉयकोल्न झाले आणि 1920 मध्ये ते विशाल बर्लिनमध्ये सामावले गेले. त्याच 1912 साली वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी आश्रयदात्या राजाचा पुतळा उभारला. 1995 मध्ये तेथे कोमेन्स्की यांच्या नावाचे उद्यान खुले झाले. जुन्या शाळेत आता वसाहतीचे संग्रहालय असून माथ्यावरचा चषक अद्याप जागच्या जागी आहे.