शकुंतलेची फट

दारव्ह्याच्या घराचं अंगण मीच हट्टानं सलग काँक्रीटचं करून घेतलं. "भिंतीशी फट सोडू," गवंडी म्हणाला. मी म्हटलं, कचरा साचेल. दोन उन्हाळ्यांत कंपाउंडच्या भिंतीला तडा!

तेव्हा मोतीबाग स्टेशन आठवलं. यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला'चे ते अडीच फुटी रूळ. १९९४ पर्यंत त्यांवर वाफेचं इंजिन धावलं. रुळांच्या सांध्यात फट दिसायची. बाबा म्हणायचे, "उन्हात लोखंडाला अंग पसरायला जागा लागते."

काँक्रीटही जवळपास तेवढंच पसरतं. दहा मीटर अंगण तीस अंशांनी तापलं, की सुमारे ३ मिलिमीटर. २००० सालच्या आयएस ४५६ मानकातही ४५ मीटरहून लांब बांधकामाला प्रसरण सांधा सांगितला आहे.

इंग्रजांच्या कंपनीनं रुळांत सोडलेली जागा मला अंगणात सोडवली नाही. माणसांतही असंच होतं का हो?