व्यापाऱ्याचे दफ्तर : कँटन ते बोस्टन

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करून इतिहासाचार्य राजवाड्यांनी हा भेद आपल्या इतिहासविचाराच्या पायाशीच बसवून दिला. कामाच्या निकडीत, घटना घडत असताना लिहिलेला कागद अधिक विश्वसनीय. मागाहून आठवून, श्रोत्यास रुचेल अशा बेताने सांगितलेली हकीकत तितकी नव्हे. हा निकष आपण प्रामुख्याने राजकीय पत्रव्यवहारास लावला. व्यापाऱ्याच्या दफ्तरास तो लावून पाहिला तर काय हाती लागते? एकोणिसाव्या शतकात चीनशी व्यापार करणाऱ्या अमेरिकन पेढ्यांचे कागद या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत. त्या व्यापाराचा एक धागा माळव्यातून आणि मुंबईच्या बंदरातून गेलेला असल्याने आपणांस तो विषय सर्वस्वी परका नाही.

२२ फेब्रुवारी १७८४ रोजी ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनकडे निघाले. अमेरिकेचा चीनशी थेट व्यापार येथून सुरू होतो. जहाजावर मुख्यतः जिनसेंगची मुळे होती आणि मालाचा मुखत्यार म्हणून सॅम्युएल शॉ होता. पुढल्या वर्षी ते चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी घेऊन परतले आणि बोस्टन, सेलम, फिलाडेल्फिया येथील व्यापाऱ्यांना नवी वाट दिसली. अडचण एकच होती. चहा हवा सर्वांना. पण चीनला देण्याजोगे यांच्यापाशी फारसे काही नव्हते. जिनसेंग, समुद्री प्राण्यांची कातडी, चंदन यांची पुंजी लवकरच अपुरी पडू लागली आणि उरलेली तूट चांदीने भरावी लागे. ती चांदी वाचवणारा जिन्नस म्हणजे अफू. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी असल्यामुळे अमेरिकन व्यापाऱ्यांनी प्रथम तुर्कस्थानातील स्मर्ना बंदरातून अफू उचलली. पुढे, विशेषतः १८३० नंतर, हिंदुस्थानातील अफूही त्यांच्याकडे अडतीने येऊ लागली. १८२४ साली स्थापन झालेली रसेल आणि कंपनी ही या व्यापारातील सर्वांत मोठी अमेरिकन पेढी ठरली.

या पेढ्यांचे कागद उरले कसे, हेही समजून घेण्याजोगे आहे. कँटनहून बोस्टनला पत्र पोहोचण्यास चार-पाच महिने लागत. जहाज बुडण्याची भीती नित्याची. म्हणून महत्त्वाचे पत्र दोन-तीन प्रतींत लिहून निरनिराळ्या जहाजांनी रवाना करीत आणि एक नक्कल पेढीच्या वहीत ठेवीत. परक्यांना कँटनमध्ये नदीकाठच्या तेरा वखारींपुरतीच मोकळीक होती. त्या वखारी १८२२ च्या मोठ्या आगीत सापडल्या आणि १८५६ च्या डिसेंबरात दुसऱ्या अफूयुद्धाच्या धामधुमीत पुन्हा जळाल्या. लिहिणाऱ्याच्या जागी राख झाली असता वाचणाऱ्याच्या घरी कागद टिकले. आज फोर्ब्ज घराण्याचे कागद मुख्यतः मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आणि हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. रसेल आणि कंपनीचे काही दफ्तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. डेलानो घराण्याचे कागद हाइड पार्क येथील रूझवेल्ट ग्रंथालयात आहेत. वॉरन डेलानो हा रसेल पेढीचा भागीदार, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आईचा पिता. १८४० साली स्थापन होऊन १८७५ मध्ये दिवाळे निघालेल्या ऑगस्टिन हर्ड आणि कंपनीचे प्रचंड दफ्तर बेकर ग्रंथालयातच आहे. या दफ्तराच्या आधारे हाओ येन-पिंग यांनी परदेशी पेढ्यांच्या चिनी कारभाऱ्यांविषयीचा, म्हणजे ‘कॉम्प्रॅडोर’ वर्गाविषयीचा, ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध केला.

दफ्तराचा मोठा भाग हिशेबाचा आहे. जमा, नावे, भाव, विमा, अडत, व्याज, हुंडी. अफूच्या विक्रीवर आणि सेवनावर चिनी दरबाराने १७२९ पासून वेळोवेळी बंदीहुकूम काढले होते. तरीही चहाच्या, कापडाच्या आणि तांदळाच्या ओळींत अफूची ओळ सहजपणे बसते. माल कँटनमध्ये न उतरवता नदीमुखाबाहेर लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या गोदामी जहाजांवर ठेवीत आणि तेथूनच चिनी तस्करांच्या नौका तो उचलीत. वहीत मात्र ही केवळ साठवणुकीची व हाताळणीची आकारणी असते. खतावणी खोटे बोलत नाही. आकडे बरोबर असावेत यातच पेढीचा जीव असतो. पण ज्याची किंमत कोणी मोजत नाही त्याला खतावणीत रकाना नसतो. अफू ओढून निकामी झालेला माणूस या हजारो पानांत कोठेही नावे टाकलेला नाही.

ही उणीव खाजगी पत्रे काही अंशी भरून काढतात. रॉबर्ट बेनेट फोर्ब्ज याने १८३७ च्या आर्थिक संकटात आपली संपत्ती गमावली आणि ती पुन्हा मिळवण्यासाठी १८३८ मध्ये तो चीनला परतला. लवकरच तो रसेल पेढीचा प्रमुख झाला. मार्च १८३९ मध्ये शाही आयुक्त लिन झेशू यांनी अफू हवाली करण्याचा हुकूम काढला, परक्यांना वखारींतच कोंडले आणि त्यांचे चिनी नोकर काढून घेतले. शेवटी वीस हजारांहून अधिक पेट्या हवाली झाल्या व हूमेन येथे नष्ट करण्यात आल्या. त्यांतील दीड हजारांच्या आसपास पेट्या अमेरिकन पेढ्यांच्या ताब्यातील होत्या.

या प्रसंगाची फोर्ब्जची दोन कथने उपलब्ध आहेत. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींत कैदेचे ते दिवस काहीसे गमतीचे झाले आहेत. स्वतः स्वयंपाक करताना उडालेली फजिती रंगवून सांगितली आहे. आपण अफूचा व्यापार का केला याचे उत्तरही तेथे तयार आहे : इंग्लंड, ईस्ट इंडिया कंपनी आणि आपल्याकडील प्रतिष्ठित पेढ्या जे करीत होत्या तेच आपण केले. ही झाली बखर. त्याच काळात पत्नी रोझला लिहिलेल्या पत्रांत हाच माणूस निराळा दिसतो. अफूने लोकांची मने व शरीरे बिघडत आहेत, देशाचा पैसा बाहेर जात आहे, हे त्याने तेथे कबूल केले आहे. म्हणजे परिणाम ठाऊक नव्हते असे नाही. ज्ञान होते, आणि त्या ज्ञानाशेजारीच व्यापार होता. पेढीने १८३९ मध्ये अफूतून अंग काढून घेतले आणि युद्धानंतर ती पुन्हा त्यात उतरली, हेही कागदांवरूनच कळते.

त्या काळी सर्वच तसे करीत होते, हा बचाव दफ्तरांपुढे टिकत नाही. ऑलिफंट आणि कंपनी ही अमेरिकन पेढी त्याच कँटनमध्ये, त्याच चहाचा व्यापार अफूला न शिवता करीत होती. तिचा भागीदार सी. डब्ल्यू. किंग याने १८३९ मध्येच ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट याला उद्देशून अफूविरोधी पुस्तिका प्रसिद्ध केली. पर्याय समोर होता. तो निवडणारे थोडे होते, एवढेच.

पेढीच्या पुरुषांखेरीज इतर आवाजही या कागदांत आहेत. रसेल पेढीतील भागीदाराची पुतणी हॅरिएट लो हिने १८२९ पासून मकावमध्ये रोजनिशी लिहिली. परदेशी स्त्रियांना कँटनमध्ये मज्जाव असताना १८३० साली ती काकूसह तेथे जाऊन आली व चिनी अधिकाऱ्यांनी व्यापार थांबवण्याची धमकी देताच तिला परतावे लागले. एका तरुण स्त्रीच्या नजरेतून दिसणारे व्यापाऱ्यांचे हे बंदिस्त जग कोणत्याही जमाखर्चात सापडणार नाही. दुसरा आवाज हौक्वाचा. वू बिंगजियान ऊर्फ हौक्वा हा कँटनच्या हाँग व्यापाऱ्यांचा अग्रणी, आपल्या काळातील अत्यंत धनाढ्य पुरुषांपैकी एक. जॉन मरे फोर्ब्जवर त्याचा पुत्रवत् लोभ होता. परक्यांच्या वर्तनाची हमी हाँग व्यापाऱ्यांवर असे. म्हणून १८३९ मध्ये गळ्यात साखळी घालून याच वृद्धाला परक्यांसमोर उभे केले गेले. नफा आणि जबाबदारी यांची वाटणी किती विषम होती, हे या एका दृश्यावरून समजावे.

आता मुंबईच्या टोकाकडे वळू. कँटनला जाणाऱ्या अफूपैकी मोठा वाटा माळव्याचा, म्हणजे बव्हंशी शिंदे-होळकरांच्या मुलखातील होता. ती आधी दमणमार्गे आणि १८३० नंतर कंपनीला पासाचे शुल्क भरून थेट मुंबईस येई. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी ती चीनला धाडली. त्यांच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून आसिया सिद्दीकी यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. मुंबईचे कागद आणि बोस्टनचे कागद शेजारी ठेवले, तर दोहोंची भाषा विलक्षण सारखी वाटते : भाव, विलंब, विश्वास, पत. माळव्यातील शेतकरी एका टोकाला नाही, ओढणारा दुसऱ्या टोकाला नाही.

पैसा मात्र पुढे सरकतो. चीनमध्ये मिळवलेले आणि हौक्वाने सोपवलेले भांडवल जॉन मरे फोर्ब्जने अमेरिकन रेल्वेमार्गांत गुंतवले. १८४६ मध्ये मिशिगन सेंट्रल रेल्वे घेणाऱ्यांचा तो पुढारी होता. तुर्की अफूचा व्यापारी टॉमस हँडासिड पर्किन्स याने आपले घर अंधांच्या शाळेस दिले. ती शाळा आजही त्याचे नाव धारण करते. मुंबईत जमशेटजींच्या दानातून १८४५ मध्ये रुग्णालय उभे राहिले. शाळा खरी, रुग्णालय खरे, त्यांतून झालेले कल्याणही खरे. या दानांनी मूळ व्यापार धुऊन निघत नाही आणि मूळ व्यापाराने ही दाने खोटी ठरत नाहीत. इतिहासकाराने दोन्ही बाजू मांडाव्यात. बाकी शून्य करण्याची घाई करू नये.

राजवाड्यांचा निकष येथे उपयोगी पडतो, पण पुरेसा ठरत नाही. अस्सल कागद बखरीची सफाई उघडी पाडतो, हे फोर्ब्जच्या पत्रांनी दाखवले. तथापि अस्सल कागदालाही स्वतःची सोय असते; तो ज्याने लिहिला त्याच्या गरजेपुरतेच बोलतो. म्हणून या दफ्तरांचा खरा वाचक तो, जो हिशेब ओळीने तपासतो, पत्नीला लिहिलेले पत्र त्या हिशेबाशेजारी ठेवतो, आणि ज्यांच्या नावाचे खातेच उघडले गेले नाही त्यांची जागा वहीत मोकळी सोडतो.