टपालतिकिटांचे संदर्भवाङ्मय : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

ड्युई दशांश वर्गीकरण पद्धतीत टपालसेवा ३८३ या क्रमांकाखाली, म्हणजे सामाजिक शास्त्रांत येते. टपालतिकिटे मात्र ७६९.५६ या क्रमांकाखाली मुद्रितचित्रकलेच्या शेजारी जातात. त्यामुळे एकाच विषयाचे ग्रंथ ग्रंथालयाच्या दोन टोकांना विखुरले जातात आणि इतिहासाचा अभ्यासक दुसऱ्या टोकाकडे क्वचितच वळतो. तिकीटसंग्राहकांनी स्वतःच्या गरजेतून निर्माण केलेल्या या वाङ्मयाचे इतिहाससाधन म्हणून मूल्य काय, याचा विचार येथे भारतीय टपालाच्या आरंभकाळापुरता केला आहे.

तिकिटांच्या सूचींचा उगम व्यापारात आहे. १८६१ मध्ये आल्फ्रेड पोतिके यांची सूची पॅरिस येथे प्रसिद्ध झाली. १८६५ मध्ये स्टॅनली गिबन्स यांची पहिली किंमतसूची आली. कोणती तिकिटे अस्तित्वात आहेत आणि त्यांना काय दर मिळतो, एवढीच माहिती ग्राहकाला हवी होती. परंतु खोट्या तिकिटांचा सुळसुळाट होताच खऱ्याची ओळख पटविणे भाग पडले. कागद, जलचिन्ह, रंग, छपाईचा दगड यांची बारकाईने छाननी सुरू झाली. इतिहासकार ज्याला साधनचिकित्सा म्हणतो, ती येथे बाजारपेठेच्या दडपणाखाली घडली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

भारताच्या संदर्भात या परंपरेतील महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे हाऊसबर्ग, स्ट्युअर्ट-विल्सन आणि क्रॉफ्टन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील टपाल व तार तिकिटांवर लिहिलेला, १९०७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. यांपैकी स्ट्युअर्ट-विल्सन हे टपाल खात्याच्या महासंचालकपदापर्यंत पोहोचलेले अधिकारी होते. संग्राहकाचे कुतूहल आणि खात्याची ओळख एकाच व्यक्तीत एकवटण्याचा हा योग विरळाच.

असे ग्रंथ काय देतात, हे १८५४ च्या तिकिटांवरून कळते. त्या वर्षीच्या टपाल कायद्याने अंतरानुसार आकारणीची जुनी पद्धत मोडीत काढून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास देशभर अर्धा आणा हा दर ठरविला. प्रशासकीय इतिहास बहुधा येथेच थांबतो. जेफ्री क्लार्क यांचा १९२१ चा टपाल खात्याचा इतिहास वाचनीय असला, तरी त्याची दृष्टी खात्याच्या आतली आहे. तिकीट-अभ्यासक मात्र कलकत्त्याच्या सर्वेक्षण कार्यालयात शिरतो. कॅप्टन थुलिये यांच्या देखरेखीखाली तेथे शिळाछाप पद्धतीने तिकिटे कशी तयार झाली, शेंदरी रंगातील अर्ध्या आण्याचा पहिला प्रयत्न सोडून निळा रंग का स्वीकारावा लागला, याचा तो माग काढतो. त्याच ओघात तिकिटाचा मूळ ठसा घडविणाऱ्या भारतीय कारागिराचे नाव पुढे येते. इंग्रजी लेखनातील विकृतीमुळे ते ‘नुमिरुद्दीन’, ‘मुनिरुद्दीन’ अशा भिन्न रूपांत आढळते. तरीही ते टिकले आहे. वसाहतकालीन कचेऱ्यांतील हजारो कारागिरांच्या वाट्याला हेही आले नाही.

टपालशिक्क्यांचे वाङ्मय याहून उपयुक्त मानावे लागेल. तिकिटे रद्द करण्यासाठी वापरलेल्या आरंभीच्या अनेक शिक्क्यांत गावाचे नाव नसे. रेघांच्या किंवा ठिपक्यांच्या आकृतीत केवळ एक क्रमांक असे. अशा पाकिटातील पत्र हरवलेले असल्यास ते पाकीट जवळजवळ मुके असते. रेनूफ यांनी या शिक्क्यांचे वर्गीकरण केले. मुंबईचे तिकीट-व्यापारी जाल कूपर यांनी आरंभीच्या भारतीय शिक्क्यांवर १९४८ मध्ये आणि परदेशांत वापरल्या गेलेल्या भारतीय तिकिटांवर १९५० मध्ये ग्रंथ लिहून या क्षेत्रात मोलाची भर घातली. १२४ हा क्रमांक एडनचा, हे अशा कोष्टकांमुळेच निश्चितपणे सांगता येते. १८३९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेले एडन मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते आणि १९३७ पर्यंत तेथे भारतीय तिकिटे चालत. सिंगापूरचा बी १७२ आणि पेनांगचा बी १४७ हे क्रमांक त्याचप्रमाणे बंगालच्या टपालव्यवस्थेचा पूर्वेकडील विस्तार दाखवितात; तेथील भारतीय तिकिटांचा वापर १८६७ पर्यंत चालला. मुंबई इलाख्याचा व्यापारी परीघ अभ्यासणाऱ्या संशोधकाला ही कोष्टके नकाशाइतकीच मोलाची वाटावीत.

या वाङ्मयाचा मोठा दोष त्याच्या उगमातच आहे. दुर्मीळता हा त्याचा निकष असल्याने चार आण्याच्या तिकिटावरील राणीचे डोके उलटे छापले गेल्याच्या चुकीवर भरभरून लिहिले जाते, आणि लाखो पत्रांवर लागलेल्या अर्ध्या आण्याच्या सामान्य निळ्या तिकिटाचा वापर कोणी, कशासाठी केला हा प्रश्न बाजूला राहतो. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने खरी घटना तर तीच होती. शिवाय, संग्राहकाचे लक्ष पाकिटावर असते. आत मोडीत लिहिलेले व्यापारी पत्र असले तरी सूचीतील नोंद शिक्का, दर आणि मार्ग एवढ्यावर संपते. पाकीट एका हाती आणि पत्र दुसऱ्या हाती गेले, की दोहोंचे मूल्य उणावते. ही हानी भरून न येणारी आहे, आणि तिची जबाबदारी ज्यांनी पाकीट जपले त्यांच्याइतकीच, ज्यांनी पत्र मागितलेच नाही त्या इतिहासकारांवरही येते.

‘सिंध डाक’ या नावाने ओळखले जाणारे आशियातील पहिले तिकीट १ जुलै १८५२ रोजी प्रचारात आले. ते काढणारे बार्टल फ्रिअर त्यापूर्वी सातारा येथे रेसिडेंट व नंतर कमिशनर होते. पुढे १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर झाले. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचाच भाग होता. सूचींमध्ये या तिकिटाचे पांढरा, निळा आणि तांबडा असे तीन प्रकार नोंदलेले असतात, त्यांच्या किमतीही दिलेल्या असतात. साताऱ्यातील कारभाराचा अनुभव आणि सिंधमधील टपालसुधारणा यांचा काही संबंध होता काय, हा प्रश्न सूचीकाराच्या कक्षेबाहेरचा असल्याने तो मुंबईच्या दप्तरखान्यातील कागदांवर बसूनच तपासावा लागेल.